आजीची पाटली आणि तुझे खाणीचे शेअर

सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास आई दागिन्यात पैसे अडकवू नको, सोन्याच्या खाणीवाल्या कंपनीचे शेअर घे, आणि मी हो हो केलं कारण कुकर शिट्ट्या मारत होता. पण डोक्यातून जाईना. आज आजीची पाटली सांधायला सराफ बाजारात गेले होते, सराफ म्हणतो मोडीत देता का, भाव चांगलाय. नाही म्हटलं आणि बसल्या बसल्या पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला, मामाच्या दिंडोरीच्या द्राक्षांचा.

समज किलोला खर्च 30 रुपये, भाव 40, हातात 10. भाव 50 झाला की हातात 20, म्हणजे भाव चढला पंचवीस टक्के आणि नफा डबल! खाणीचं डिट्टो तेच, म्हणून तुझे शेअर सोन्यापेक्षा जोरात पळतात. पण भाव 30 वर आला की मामाचं तोंड कसं होतं ते तू बघितलंयस.

शिवाय खर्च जागेवर थोडाच थांबतो, भाव चढला की आधी न परवडणारा, कमी सोन्याचा दगडही फोडायला घेतात, भावावर रॉयल्टी, म्हणजे सरकारला द्यायचा वाटा, असते तीही वाढते. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण 2001 ला बंद पडली ती तीन किलोमीटर खोल उतरायचा खर्च भावात बसेना म्हणून.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. पैसा आला की हात सैल सुटतो. 2011 मध्ये सोनं औंसाला (म्हणजे साधारण 31 ग्रॅमला) 1900 डॉलरपर्यंत गेलं, तेव्हा कॅनडाच्या बॅरिक या सोन्याच्या खाणीवाल्या कंपनीने सात अब्ज डॉलरच्या वर मोजून चक्क तांब्याची कंपनी घेतली, आणि पुढच्याच वर्षी त्यातले अब्जावधी पाण्यात गेले म्हणून वहीत लिहावं लागलं. 2015 च्या शेवटी सोन्याचा भाव 1050 डॉलरच्या आसपास. आपल्या शेजारच्या अण्णांनी नाही का, एक चांगलं वर्ष बघून दोन एकर बाग वाढवली, ती धरेपर्यंत भाव पडला. खाणीला तर दहा-पंधरा वर्षं लागतात रे.

हिंदुस्थान झिंकचं गणित जरा निराळं, तिथे चांदी जस्त-शिशाच्या जोडीने निघते, त्यामुळे चांदी महागली की बराचसा पैसा थेट नफ्यात, पण जस्त आपटलं तर?

शनिवारी येशील तेव्हा तू म्हणतोस त्या सोन्याच्या कंपनीचा औंसामागचा सगळा खर्च किती, कर्ज किती फेडलं आणि डिव्हिडंड किती दिला एवढं काढून आण. मग थोडे घेऊ. पाटली मात्र मोडणार नाही, कुठे तुटली होती ते आता दिसत पण नाही.

आई