मिरचीवाल्या ताईचं भाजीवाल्या मावशींना पत्र

प्रिय मावशी,

तुम्हाला वाचता येतं, पण चष्मा नेमका सासवडला राहिलेला असतो. तेव्हा हे नातीकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानले तर तुम्ही वर कढीपत्ता घालून मला वाटेला लावता, म्हणून लिहिते आहे.

मागच्या चैत्रात फोनमधला फोटो घेऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले होते. गच्चीवरच्या अकरा मिरच्या आक्रसून गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "बोकड्या आलाय." मी म्हटलं, "पाचव्या मजल्यावर कुठला बोकड?" तुम्ही एवढ्या हसलात की हातातली मेथीची जुडी सुटली. मिरचीची पानं आक्रसतात त्या रोगालाच बोकड्या म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

त्याआधी मी काय उद्योग केला होता, ते त्या दिवशी पूर्ण सांगितलं नव्हतं. आता सांगते. लसूण, तिखट, कपड्यांची पावडर आणि थोडं रॉकेल असं ढवळून भर दुपारी फवारलं होतं. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा कागद जळल्यासारख्या तपकिरी. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असा माझा समज होता.

तुम्ही औषध नंतर सांगितलंत, आधी पान उलटं करायला लावलंत. कडा वर वळून पानाची होडी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर पानाचा रस शोषणारे बारीक कोळी. आणि झाडच खुजं राहून पानं बारीक, पिवळी पडली असतील, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला रोग. "त्याला औषध नाही. उपटा नि लांब टाका." तीन झाडं उपटली. वाईट वाटलं, पण उरलेली आठ वाचली.

मग वर्तमानपत्राच्या पुडीत निंबोळ्या दिल्यात. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम भरडून रात्रभर भिजवायच्या, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साध्या साबणाचा चुरा घालायचा म्हणजे पाणी पानावरून घरंगळत नाही. फवारायचं त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं. उन्हात अर्काचा कस जातो आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. मला वाटलं, किडे पटापट मरून पडतील. तसं काही होत नाही. त्यांचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, पुढची पिढी रोडावते. आठवड्याच्या अंतरानं तीनदा फवारल्यावर नवी पालवी सरळ आली.

काकडीच्या भुरीवर आंबट ताक, एकाला दहा पाणी. हे मला अर्धंच पटलं आहे. पहिले पांढरे ठिपके दिसताच मारलं तर थांबते. पूर्ण पान पिठूळ झाल्यावर ताक पिऊन टाकलेलं बरं. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्काचं मात्र तुमचं ऐकायला हवं होतं. "ते रानात करायचं, फ्लॅटात नाही," म्हणाला होतात. शेण-गोमूत्रात महिनाभर पाला कुजवायचा बेत सोसायटीनं चौथ्या दिवशी हाणून पाडला.

पण खरे आभार जास्वंदीच्या त्या फांदीसाठी. पिठ्या ढेकणांनी ती पांढरी झाली होती, खाली मुंग्यांची रांग, पानांवर चिकट काळी बुरशी. मी निंबोळी अर्काचा पंप भरून ठेवला होता, फक्त तुम्हाला विचारायला फांदी पिशवीत घालून आणली. तुम्ही ती काट्याच्या पारड्यात ठेवलीत आणि आगकाडीनं एकेकाला डिवचलंत. बहुतेक ढिम्म. त्यातला एक, तसाच पांढरा, पण थोडा मोठा आणि झिपऱ्या, तुरुतुरु काडीवर चढला. "हा त्यांचा न्हाई. हा त्यांना खायला आलाय. ढालकिड्याचं पिल्लू. पंप खाली ठेवा."

ठेवला. मुंग्या वर चढू नयेत म्हणून तेवढं खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली, कारण गोड चिकटासाठी मुंग्या त्या पिठ्यांची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकतात. तीन आठवड्यांनी फांदी हिरवी होती. तेव्हा फवारलं असतं तर मीच ढालकिड्यांना मारून बसले असते, वर निंबोळीच्या नावानं खडे फोडले असते.

आमच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आता निंबोळ्यांचा सडा पडतोय. वॉचमन झाडून टाकायच्या आत मी गोळा करते. गर धुऊन काढला आहे, बिया बाल्कनीत सावलीला पसरल्या आहेत. सुकून दीड किलो तरी भरतील. अर्ध्या तुमच्या. मागच्या पुडीचे पैसे घेतले नव्हतेत, तेव्हा आता नाही म्हणायचं नाही. सोबत आठ झाडांच्या मिरच्या आणते. तिखट आहेत, नातीला जपून द्या.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची मिरचीवाली ताई