पुकारा होण्याआधी

बर्मिंगहॅम, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू वकील नाहीस, मग दिवसभर कोर्टात करतेस काय?" फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसले. तुमची उभी नोकरी कोर्टाच्या नाझर कचेरीत गेली, तेव्हा बरंचसं तुम्हाला न सांगताच कळेल.

इथे फौजदारी खटले चालवायला पोलिसांहून वेगळं सरकारी खातं आहे, १९८६ पासून. कोर्टात उभे राहून बोलतात ते बॅरिस्टर. मी पॅरालीगल, त्यांच्या मागच्या बाकावर. कागद, मुद्देमालाच्या याद्या, पोलिसांकडून राहिलेल्या गोष्टी मागवणं, हे रोजचं. पण माझा जीव ज्यात आहे ते काम म्हणजे फिर्यादी आणि साक्षीदार. कुणाचं नावगाव किंवा हकीकत मी लिहिणार नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख तर इथे जन्मभर छापता येत नाही, १९९२ चा कायदा आहे तसा.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, साक्षीदार फितूर झाला की सगळे त्याच्यावर चिडतात, पण साक्षीसाठी नावाचा पुकारा होईपर्यंत तो व्हरांड्यात आरोपीच्या माणसांना खेटून उभा होता, हे कुणी बघत नाही. बाबा, तुमचं ते बोलणं मी इथे रोज अनुभवते. पुकारा होण्याआधीचा तो वेळ हेच माझं काम.

साक्षीदारांची बसायची खोली इथे वेगळी असते. आरोपीचे नातेवाईक समोर येण्याची भीती असेल तर त्यांना दुसऱ्या दाराने आत घेतात. सोबतीला स्वयंसेवक असतात, बरेचसे निवृत्त लोक. खटल्याच्या काही दिवस आधी ते साक्षीदाराला रिकामं कोर्ट दाखवून आणतात: न्यायाधीश इथे, बारा ज्युरी (आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक) तिथे, आरोपी त्या काचेमागे, तुम्ही इथे उभं राहायचं. एवढ्यानेही माणसाचा चेहरा बदलतो. न पाहिलेल्या जागेची धास्ती फार मोठी असते.

मग १९९९ च्या कायद्याने मिळणाऱ्या सोयी. साक्षीदाराच्या पिंजऱ्याभोवती पडदा लावता येतो. न्यायाधीश, ज्युरी आणि वकिलांना साक्षीदार दिसतो, आरोपीला दिसत नाही. पडदा लावला म्हणून आरोपीबद्दल वाईट मत करून घेऊ नका, असं न्यायाधीश ज्युरीला बजावतात. दुसऱ्या खोलीतून कॅमेऱ्यावर साक्ष देता येते. मूल साक्षीला असेल तर वकील आणि न्यायाधीश डोक्यावरचे ते पांढरे विग आणि झगे उतरवून ठेवतात. काही साक्षीदारांचा उलटतपासही खटल्याच्या आधीच चित्रित करून घेतात, म्हणजे त्यांचं बोलणं लवकर उरकतं. यातलं काही आपोआप मिळत नाही, वेळेत अर्ज लागतो. तो अर्ज गेला का, मंजूर झाला का, ऐनवेळी पडद्याची दांडी खरंच जागेवर आहे का, हे बघणारी मी. सकाळी कोर्ट उघडताच मी आधी तो पडदा बघून येते.

एका गोष्टीत मात्र फार जपावं लागतं. साक्षीदाराला पढवायचं नाही. त्याला आपलाच जबाब पुन्हा वाचायला देता येतो, कुठे काय होईल ते सांगता येतं, पण काय बोलायचं याचा एक शब्दही नाही. कुणी हात धरून विचारतं, "मी बरोबर सांगेन ना?" तेव्हा मी इतकंच म्हणते, "प्रश्न कळला नाही तर तसं सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, आणि सावकाश बोला." समोरचं माणूस रडत असताना इतकंच बोलून थांबणं जड जातं. पण तिथे थांबले नाही, तर उलटतपासात साक्षीदाराच्याच शब्दांवरचा विश्वास जाईल.

गुन्हा शाबित झाल्यावर शिक्षेआधी पीडितेला आपल्यावर काय गुदरलं ते कोर्टाला सांगता येतं. लेखी देऊन चालतं किंवा स्वतः वाचता येतं. शिक्षा किती द्यावी हे त्यात मागता येत नाही. तरी ते वाचताना कोर्ट जसं ऐकतं, तसं एरवी क्वचितच ऐकत असेल. झोप उडाली, दुकान बंद करावं लागलं, मुलगी एकटी शाळेत जायला घाबरते, अशा साध्या गोष्टी असतात त्यात.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. इंग्लंड-वेल्सच्या क्राउन कोर्टांत, म्हणजे गंभीर गुन्हे चालतात त्या कोर्टांत, ७५ हजारांच्या वर खटले तुंबलेत; २०१९ अखेर ते याच्या निम्मे होते. तारखा वर्ष-वर्ष पुढे जातात. काही खटल्यांना ठरलेली खोलीच नसते, दुसऱ्या खटल्यातून जागा मोकळी झाली तर चालतात. साक्षीदार पगार बुडवून येतो, संध्याकाळपर्यंत बसतो आणि "आज होणार नाही" ऐकून घरी जातो. ते सांगायला बहुतेक वेळा मीच जाते. प्रवासखर्चाचा फॉर्म देते, तुमच्या हातून भत्ता जायचा तसा. पण दोन वर्षं टांगून ठेवल्यावर जी म्हणते, "माझं नाव काढा, मला आता हे विसरायचंय", तिला मी कोणत्या तोंडाने थांबवू? पडदा, खोली, कायदे सगळं तिथे उणं पडतं. याचा मला फार त्रास होतो, बाबा.

आता तुमच्याकडे एक काम. दुर्बल साक्षीदारांचे (मुलं, लैंगिक अत्याचाराच्या पीडिता अशांचे) जबाब घ्यायला वेगळी केंद्रं उभारा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. आपल्या जिल्हा कोर्टात तशी खोली झाली का, आणि झाली असेल तर वापरतात का, की तिथे जुन्या फायली रचल्यात, हे तुमच्या जुन्या सहकाऱ्यांकडून काढून कळवा. दुसरं, अण्णाकाकांची धाकटी एलएलबीला आहे ना? तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. तिथे विधी स्वयंसेवक घेतात. मनोधैर्य योजनेचे अर्जही तिथेच येतात. अत्याचार झालेल्या बायका आणि मुलं यांना त्यातून मदत मिळते, पण अर्ज भरून द्यायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं. पहिल्या दिवशी तुम्हीच तिच्यासोबत जा, तुम्हाला तिथे सगळे ओळखतात.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आईला सांगा, मी पैसे पाठवलेत. तिला नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. उत्तर सविस्तर लिहा.

तुमची,
धाकटी