चिमणी पडली, आता विमान टिकवा : मुरलीधर मोहोळ यांना सोलापुरातून खुलं पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक आणि सहकार,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

विमान वाहतूक आणि सहकार ही दोन्ही खाती तुमच्याकडे आहेत. आमच्या सोलापुरात ही दोन खाती होटगी रोडला कित्येक वर्षं समोरासमोर उभी होती. एकीकडे विमानतळाची धावपट्टी, दुसरीकडे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी. विमानांच्या वाटेत अडथळा ठरते म्हणून 15 जून 2023 ला चिमणी पाडली गेली. हे पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण ते.

माझे वडील त्या कारखान्याचे जुने सभासद. दक्षिण सोलापुरात आमचा चार एकर ऊस आहे, आणि मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो. बापाला चिमणी हवी, पोराला विमान, असं आमचं घर. या विषयावर जेवताना इतकी भांडणं झाली की आई ताट वाढतानाच दम द्यायची, आज कारखाना नको आणि विमानही नको. चिमणी पाडायच्या दिवशी कडक बंदोबस्त होता, जवळ जाऊ देत नव्हते. आम्ही दोघं एका पाहुण्यांच्या गच्चीवर उभे होतो. आवाज झाला, चिमणी क्षणभर होती तशीच राहिली, मग कलली, आणि जिथं ती होती तिथं नुसता धुळीचा लोट. वडिलांनी टोपी काढून हातात धरली. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "आता तरी विमान नीट येऊ दे."

ती चिमणी अधिकृत की अनधिकृत, हा वाद कोर्टकचेऱ्यांत होऊन गेला, तो मी पुन्हा उकरत नाही. मला वडिलांच्या त्या "नीट" बद्दल बोलायचं आहे.

छोटी शहरं विमानानं जोडण्यासाठी केंद्रानं उडान योजना आणली, 2017 साली तिच्या पहिल्याच फेरीत सोलापूरचं नाव होतं. त्याआधी एका खासगी कंपनीचं विमान काही काळ येत होतं, तेही बंद पडलं होतं. चिमणी पडल्यावर सव्वा वर्षानं, 29 सप्टेंबर 2024 ला, पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळाचं ऑनलाइन उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे 4 लाख 10 हजार प्रवासी सामावतील अशी टर्मिनलची दुरुस्ती झाल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात गोव्याचं पहिलं विमान उडालं 9 जून 2025 ला आणि मुंबईचं ऑक्टोबर 2025 मध्ये. म्हणजे धूळ खाली बसल्यापासून पहिलं विमान येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली. आलं, याचा आनंद मला मनापासून आहे. पहिल्या आठवड्यात मी गाडी बाजूला लावून विमान उतरताना बघितलं आहे.

पण मुंबईचं विमान सुरू झालं ते राज्य सरकारच्या पैशावर. उडानची मदत लागू होईपर्यंत प्रति आसन 3,240 रुपये तूटभरपाई, आणि मुदत एक वर्षाची. त्यानंतर उडान घेतलं तरी तिथली मदत तीन वर्षांची. चौथ्या वर्षी काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. 27 एप्रिल 2017 ला पंतप्रधानांनी शिमल्याहून उडानचा शुभारंभ केला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानही सुटलं. त्याच नांदेडला पुढे विमानांविना दिवस काढावे लागले. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला वाजतगाजत सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये, तीन वर्षं भरताच, मुंबईची फेरी थांबली. ज्या मुंबईसाठी तो विमानतळ बांधला, तीच फेरी.

सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं 2023 च्या अहवालात देशाचा हिशेब मांडला आहे. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग दिले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी तीन वर्षांची मुदत 112 मार्गांनी पुरी केली आणि मदत संपल्यावर मार्च 2023 पर्यंत टिकले फक्त 54. दिलेल्या मार्गांपैकी शंभरातले सात. आमचं सोलापूर त्या सातात बसेल की उरलेल्या त्र्याण्णवात, ही माझी झोप उडवणारी काळजी आहे.

मार्ग का बंद पडतात, यावर कंपन्या म्हणतात प्रवासी नाहीत. सोलापूरच्या बाबतीत मला हे पटत नाही. चादर, टॉवेल, गणवेश यांचा व्यापार इथं आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला बारमाही भाविक येतात. पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणारी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबं इथं आहेत, त्यांची सोयरीक तेलंगणात आहे. माणसं आहेत, वेळ चुकीची आहे. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला लागते. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलेला माणूस तर उजाडताना मुंबईत असतो. आणि विमान मिळालं दुपारचं. जो विमानाची वाट बघत घरी बसला तो रेल्वेवाल्याच्या नंतर मुंबईत पोचणार, ऑफिसं मिटायच्या वेळेला. असं विमान रिकामं गेलं तर त्यात सोलापूरकराचा काय दोष?

दुपारचीच वेळ मिळते, कारण मुंबईत सकाळचा स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-सुटायची राखीव वेळ, शिल्लक नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी दोन्ही वापरता येत नाहीत, आणि तासाला 46 च्या आसपास विमानांची चढउतार होते. सत्तर-पंचाहत्तर माणसांच्या विमानाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे माणसांचं विमान उतरतं. सकाळच्या गर्दीत आम्हाला कोण विचारणार? पण आता नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू झालं आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला 2 कोटी प्रवाशांची सोय, आणि सिडको या सरकारी महामंडळाच्या रूपानं राज्याचा 26 टक्के हिस्सा. ते भरून जायच्या आत सकाळी आठपर्यंत उतरणारे आणि संध्याकाळी सहानंतर सुटणारे काही स्लॉट राज्यातल्या छोट्या शहरांसाठी नियमातच राखून ठेवा. सोलापूर, नांदेड, चिपी, लातूर, जळगाव, सगळ्यांसाठी. एकदा ते मोठ्या मार्गांना वाटले गेले की परत मिळत नाहीत. माझ्या मते या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच, आणि ती तुमच्या मंत्रालयाच्या धोरणात बसते.

यावर मी इतका अडून का बसतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी दिल्लीहून हॉटेलवाल्यांसाठी खरेदी करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पुण्यापर्यंत विमान, तिथून अडीचशे किलोमीटर गाडी. टॉवेल त्यांनी बोटांत चोळून पाहिला, उलटा करून काठाची शिलाई पाहिली, पाण्याचा थेंब टाकून किती लवकर शोषतो तेही पाहिलं. माल आवडला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांना रात्रीचं पुण्याचं विमान गाठायचं होतं. रंगखाना बघायचा राहिला, चहा अर्धा राहिला. जाताना म्हणाले, माल चांगला आहे हो, पण दर महिन्याला कोण येणार इतक्या लांब? ती ऑर्डर आली नाही.

दुसरी मागणी मदतीच्या मुदतीची. वासराला कुणी एका दिवसात दुधावरून तोडत नाही. आधी एक सड सोडतात, मग चाऱ्याला लावतात. विमानाची मदत मात्र तीन वर्षं पूर्ण आणि चौथ्या वर्षी शून्य. ती सहा-सात वर्षांवर पसरून दर वर्षी थोडी थोडी कमी करत न्या, आणि वेळ पाळली तरच द्या. 2025 च्या अर्थसंकल्पात सुधारित उडानमधून दहा वर्षांत 120 नवी ठिकाणं आणि 4 कोटी प्रवासी असं सांगितलं आहे. 120 चा आकडा गाठताना आधीची ठिकाणं गळू नयेत, एवढी काळजी त्या योजनेत लिहून ठेवा. छोट्या विमानतळांवर खराब हवेत आणि रात्री उतरण्याची यंत्रणाही हवी. पावसाळ्यात दोनदा फेरी रद्द झाली की तिसऱ्यांदा माणूस रेल्वेचंच तिकीट काढतो. डाळिंब विमानानं पाठवण्याचं स्वप्न आत्ता आम्हाला दाखवू नका, इतक्या लहान विमानाच्या पोटात माल बसतो किती?

वडील अजूनही मला विचारतात, "आपल्या गावच्या एसटीचा पत्रा फाटलाय, आणि विमानातल्या माणसाला सरकार तीन हजार देतंय, हे बरं दिसतं का?" उडानचा बराचसा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून येतो, राज्याचा वाटा 20 टक्के, हे मी त्यांना सांगतो. त्यांना ते पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरत नाही. विमान टिकलं, त्यामुळे इथल्या मागांना काम मिळालं, तरच त्या पैशाचं समर्थन होतं. एका वर्षानं बंद पडलं तर वडील बरोबर होते, हे मला त्यांच्यासमोर कबूल करावं लागेल.

आता सहकार राज्यमंत्री म्हणून तुम्हाला एक विनंती. चिमणी गेली ती विमानासाठी, आणि तिच्यामागे सभासदांचे भाग, त्यांचा ऊस आणि कर्ज काढून उभा केलेला वीजप्रकल्प होता. त्या वर्षी गावोगाव एकच चौकशी होती, ऊस कुठं घालायचा? सहकारी कारखान्यांना इथेनॉल, सहवीजनिर्मिती आणि खेळत्या भांडवलासाठी एनसीडीसी या केंद्राच्या सहकारी विकास निगमामार्फत 10,000 कोटी रुपयांपर्यंत कर्ज देण्याची योजना तुमच्याच मंत्रालयानं आखली होती. सिद्धेश्वरच्या सभासदांचं झालेलं नुकसान केंद्रानं एकदा मोजावं आणि अशा एखाद्या योजनेतून भरून द्यावं.

राज्याच्या मदतीचं वर्ष संपायच्या आत, सोलापूर-मुंबई फेरीचं पुढे काय आणि सकाळची वेळ कधी मिळणार, या दोन प्रश्नांचं लेखी उत्तर सोलापूरला द्या. पत्र आलं की मी ते आधी वडिलांना वाचून दाखवीन.

आपला,
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल उत्पादक,
सिद्धेश्वर कारखान्याच्या सभासदाचा मुलगा, सोलापूर