झगमगत्या शहराची चित्रे आणि फ्लोरोसंट तैलरंगांचे आयुष्य

मा. संपादक,
सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील तरुण चित्रकार अलीकडे रात्रीच्या शहराची दृश्ये फ्लोरोसंट तैलरंगांत रंगवू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु हे रंग किती काळ टिकतात, याबद्दल शिकवणारे, प्रदर्शने भरवणारे आणि चित्रे विकत घेणारे यांपैकी कोणीच फारसे बोलत नाही. त्यामुळे चांगल्या चित्रांचे नुकसान होत आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या रंगांची ओढ का वाटते, हे समजण्यासारखे आहे. आपल्या शहराची रात्र आता सोडियमच्या दिव्यांच्या पिवळट उजेडाची राहिलेली नाही. खडे बाजार आणि गणपत गल्लीतील दुकानांच्या उजळ पाट्या, जुलैच्या पावसात ओल्या डांबरावर लांबच लांब उतरणारे त्यांचे गुलाबी-हिरवे पट्टे, वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांवरची रोषणाई, विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाच्या पाण्यात थरथरणारे दिवे हे सारे नेहमीच्या तैलरंगांत उतरवताना चित्रकाराची दमछाक होते. कॅडमियमचा तांबडा किंवा नारिंगी रंग कितीही शुद्ध असला तरी तो अंगावर पडलेल्या प्रकाशाचा एक भाग परत पाठवतो, एवढेच. फ्लोरोसंट रंग अतिनील आणि निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतो व तो अधिक लांब लहरींचा, म्हणजे हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी होऊन बाहेर टाकतो. स्वतःच्या रंगाचा जेवढा प्रकाश त्याच्यावर पडतो त्याहून अधिक तो परत देतो, म्हणून शेजारचा पांढरा कॅनव्हासही त्याच्यापुढे मंद वाटतो. बाजारात यालाच सरसकट रेडियम रंग म्हणतात आणि तो अंधारात चमकेल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दिवा मालवला की त्याची चमकही त्याच क्षणी संपते.

तैलमाध्यमात हे रंग वापरण्याला एक खास कारण आहे. तेल सावकाश सुकते, त्यामुळे दिव्याभोवतीचे तेजोवलय काळोखात हळूहळू विरघळवत नेण्यास हाताला पुरेसा वेळ मिळतो. ॲक्रिलिकमध्ये ही मऊ कड साधणे फार कठीण जाते. मात्र तैलरंगाची सवय असलेला हात येथे काही चुका हमखास करतो. रंग फिका करण्यासाठी त्यात टायटॅनियम व्हाइट मिसळले की ते अतिनील किरण स्वतःच शोषून घेते आणि फ्लोरोसंट रंग मरतो. म्हणून पांढरा रंग मिसळायचा नसून खाली घालायचा असतो. दिव्याची जागा आधी स्वच्छ पांढऱ्या रंगाने भरून घ्यावी, ती नीट सुकू द्यावी (आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत यास अपेक्षेहून बराच अधिक वेळ लागतो) आणि मग फ्लोरोसंट रंगाचा पातळ, पारदर्शक थर तिच्यावर चढवावा. या रंगांची झाकण्याची शक्ती मुळातच कमी असल्याने गडद रंगावर ते थापून काहीच साधत नाही. माध्यमाच्या तेलाचाही विचार करावा लागतो. जवसाचे तेल कालांतराने पिवळे पडते आणि जो निळा प्रकाश या रंगांचे खाद्य आहे तोच अडवते. आपल्या उत्तर कर्नाटकच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या करडईचे तेल त्या मानाने पुष्कळ कमी पिवळे पडते; अर्थात ते चित्रकारांसाठी शुद्ध केलेले हवे, स्वयंपाकघरातले चालणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट प्रमाणाची आहे. संपूर्ण रस्ता, आभाळ आणि माणसे फ्लोरोसंट रंगांत रंगवली की डोळ्याला विसावा उरत नाही आणि दिवा कोणता व भिंत कोणती हेच कळेनासे होते. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी यांतून काढलेल्या शांत करड्या छटांनी तीन-चतुर्थांशाहून अधिक चित्र उभे राहिले आणि फ्लोरोसंट रंग केवळ प्रकाशाच्या उगमाशी व त्याच्या ओल्या प्रतिबिंबात आला, तर तोच रंग कितीतरी अधिक तेजस्वी भासतो. बेळगावला वास्तववादी चित्रणाची भक्कम परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी सरांनी येथे चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, आणि १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. छायाप्रकाशाची जी शिस्त त्या परंपरेने शिकवली तिच्याशिवाय रंगांच्या या नव्या नळ्या कुचकामी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टिकाऊपणाविषयी. अमेरिकेतील रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी १९३० च्या दशकात फ्लोरोसंट रंगांचा उद्योग सुरू केला. जाहिरातींचे फलक आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांना दिसावीत म्हणून जमिनीवर पसरायची खुणेची कापडे अशा, थोड्या काळापुरत्या उपयोगाच्या वस्तूंसाठी ते प्रामुख्याने वापरले गेले. पुढे फ्रँक स्टेलासारख्या चित्रकारांनी १९६० च्या दशकात तेच तेज मोठमोठ्या कॅनव्हासवर आणले. पण रंगाची घडण बदलली नाही. रोडामाइनसारखी सेंद्रिय रंजके रेझिनमध्ये (राळेसारख्या पदार्थात) विरघळवून त्या रेझिनची भुकटी केली जाते, आणि ज्या प्रकाशामुळे ही रंजके उजळतात त्याच प्रकाशाने त्यांचे रेणू तुटत जातात. हा धोका नवा नाही. डच चित्रकार व्हॅन गॉगने वापरलेला जिरेनियम लेक हा लाल रंग इओसिन या फ्लोरोसंट रंजकापासूनच बनत असे, आणि १८९० मध्ये फ्रान्समधील सें-रेमी येथे त्याने गुलाबी रंगवलेली गुलाबाची फुले आज जवळजवळ पांढरी दिसतात.

आपल्याकडे तर ऊन कडक. तैलचित्रांसाठी संग्रहालये साधारण २०० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आणि नाजूक रंगांसाठी ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. दुपारच्या थेट उन्हात तो लाखाच्या घरात जातो. एका कार्यालयात पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेले मिरवणुकीचे एक चित्र मी पाहिले आहे. त्यातील करडा रस्ता आणि काळोख जसाच्या तसा आहे, पण गुलाल आणि दिवे फिकट पिवळसर झाले आहेत, आणि मिरवणूक जणू दिवे गेल्यावर निघाली असावी असे वाटते. ज्याने ते रंगवले त्याच्या मेहनतीचा विचार करून फार वाईट वाटले. अतिनील किरण अडवणारे वॉर्निश काही प्रमाणात मदत करते. परंतु दृश्य प्रकाशातील निळा भागही रंजकाची झीज करतोच, शिवाय वॉर्निशने मूळ चमकही थोडी उतरते.

म्हणून काही विनंत्या आहेत. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी काळ्या प्रकाशाच्या, म्हणजे ब्लॅकलाइटच्या, अतिनील दिव्यांच्या नळ्या लावून ही चित्रे दाखवू नयेत. त्याने गर्दी जमते हे खरे, पण विकत घेणाऱ्याला घरच्या दिव्यात ते चित्र तसे दिसणार नसते आणि त्याचे आयुष्यही विनाकारण घटते. चित्राखालच्या पट्टीवर नुसते ‘तैलरंग’ न लिहिता ‘फ्लोरोसंट तैलरंगांसह’ असे लिहावे आणि विकताना ऊन टाळण्याची सूचना द्यावी. वृत्तपत्रांनाही सुचवावेसे वाटते की अशा चित्राचे छायाचित्र छापताना तसा उल्लेख करावा, कारण छपाईच्या चार शाईंत हे रंग बसतच नाहीत आणि वाचकाला चित्रकार कच्चा वाटतो.

शाळा आणि कलामहाविद्यालयांतील माझ्या सहकारी शिक्षकांनी एक साधा प्रयोग वर्गात अवश्य करावा. पुष्कळ स्वस्त नळ्यांवर प्रकाशात टिकण्याची कोणतीही खूण नसते. अशा प्रत्येक रंगाची पट्टी जाड कागदावर काढावी, तिचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकावा आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती खिडकीत ठेवावी. सुट्टी संपल्यावर कागद काढला की दोन्ही भागांतील फरक मुलांना न सांगता दिसेल, आणि कोणती नळी घ्यायची हे ती स्वतः ठरवतील. याच्याच जोडीला, वापरलेल्या रंगांची नावे व तारीख कॅनव्हासच्या मागे लिहून त्या रंगांचे नमुने बंद पाकिटात चित्रासोबत देण्याची सवय त्यांना आतापासून लावावी, म्हणजे पुढे कोणाला ते चित्र दुरुस्त करावे लागले तर मूळ गुलाबी कोणता होता हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आपली नम्र,
एक चित्रकलाशिक्षिका,
शहापूर, बेळगाव