पहिला तांब्या बाहेर पडू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की वर्तमानपत्रांत विदर्भातल्या जुन्या शिवमंदिरांच्या याद्या छापून येतात आणि पहाटेच दर्शनाला जा, असे सुचवले जाते. सूचना चांगलीच आहे. पण गाभाऱ्यात ओतलेले पाणी कुठून बाहेर जाते, हे दूरवरून येणाऱ्या भाविकाला कोणी सांगत नाही, आणि या मंदिरांची बरीचशी नासाडी तिथेच सुरू होते.

हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बांधणीत दगड चुन्याशिवाय, खाचेत खाच अडकवून बसवलेले असतात. गाभारा बहुधा सभामंडपापेक्षा काही पायऱ्या खाली असतो. शाळुंकेचे, म्हणजे पिंडीच्या बैठकीचे, तोंड उत्तरेकडे असते. तिथून एक अरुंद नाळी भिंतीतून आरपार बाहेर जाते. हाच प्रणाळ. आत पडलेल्या पाण्याला दुसरी वाट नाही. तो तुंबला की पाणी फरशीच्या सांध्यांतून मंदिराच्या पायात मुरते, पायाखालची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधे हलू लागतात. काळ्या मातीच्या मुलखात हे दर वर्षी घडते.

तुंबण्याची कारणे पूजेच्या ताटातच असतात. अक्षता पाण्याने फुगतात. अगरबत्तीच्या काड्या नाळीत आडव्या बसतात आणि त्यांना वाती, शेवंतीच्या पाकळ्या अडकतात. त्यावर दुधा-तुपाची साय धरली की भस्म आणि धूळ चिकटून घट्ट बूच तयार होतो. बेलाचा देठही असाच अडकतो. खरे तर देठाच्या टोकाची जाड गाठ मोडूनच बेल वाहायचा, ही आपली जुनी रीत आहे. ती पाळली तरी अर्धे काम होते. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून रविवारीच तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणावा. पान पालथे वाहावे. एक त्रिदळ पुरे.

पाण्याचा हिशोब असा. तांब्या, म्हणजे आपला गडवा, साधारण एक लिटरचा. सोमवारी पाचशे माणसे आली आणि प्रत्येकाने एकच तांब्या घातला तर पाचशे लिटर झाले. पाच लिटरची कॅन घेऊन आले तर अडीच हजार. शिवाय विदर्भात हा भार एका महिन्याचा नसतो. मध्य प्रदेशाकडून येणाऱ्यांचा सावन पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या झाल्यावर. म्हणजे दीड महिना गाभारा सुकतच नाही. म्हणून नियम एकच ठेवावा: पहिल्या तांब्याचे पाणी बाहेर प्रणाळाच्या तोंडाशी दिसेपर्यंत दुसरा ओतायचा नाही. सोबतच्या एकाला बाहेर उभे करावे. पाणी आले नाही तर अभिषेक तिथेच थांबवून गुरवाला सांगावे. दूध वाहायचेच असेल तर चमचाभर, आणि त्यामागून साधे पाणी.

पाणी कुठले, हेही महत्त्वाचे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात बोरिंगचे पाणी दगडावर घालू नये. दर्यापूर तालुक्यातले लासूरचे आनंदेश्वर मंदिर याच भागात येते. खारे पाणी दगडात मुरते, सुकताना आत क्षारांचे स्फटिक धरतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती हीच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या वाळूच्या दगडाच्या मंदिरांना हा धोका काळ्या दगडापेक्षा जास्त, कारण तो दगड पाणी अधिक पितो.

सगळ्यात वाईट चूक मात्र भाविकांची नाही. मंदिरापुढचा रस्ता दर वेळी काँक्रीटचा नवा थर टाकून उंच होतो, आवारात पेव्हर बसतात, आणि एक दिवस प्रणाळाचे तोंड जमिनीखाली जाते. मग पावसाचे पाणी उलटे गाभाऱ्यात शिरते. त्यावर उपाय म्हणून आत सिरॅमिक टाइल आणि भिंतींना ऑइलपेंट लावतात. त्याने ओल आतच कोंडते, आणि रंग सुटतो तेव्हा कोरीवकामाची कातडी घेऊन सुटतो. ग्रामपंचायतींनी रस्त्याचे अंदाजपत्रक करताना आधी प्रणाळाची पातळी मोजावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

तुंबलेली नाळी पहारीने किंवा सळईने फोडू नये, कडा तुटतात. बांबूची पातळ कमची बाहेरच्या तोंडातून हलकेच आत घालावी, कचरा बाहेर ओढावा, मग थोडे पाणी सोडावे. संडास धुण्याचे ॲसिड कधीही वापरू नये. पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातल्या मंदिरात तर यातले काहीच स्वतः करू नये, तिथल्या राखणदाराला कळवावे.

येण्याच्या वेळेबद्दल थोडेसे. संरक्षित स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात, त्यामुळे चार वाजता दारात येऊन बसण्यात अर्थ नाही. गडचिरोलीत सूर्य बुलढाण्यापेक्षा साधारण पाव तास आधी उगवतो. मुक्कामी एसटी पहाटे गावातून तालुक्याला जाते, तालुक्याहून गावाकडे येत नाही. तेव्हा आदल्या रात्री गावात राहावे किंवा स्वतःचे वाहन आणावे. लोणारच्या विवरातली मंदिरे अभयारण्यात आहेत, अंधारात खाली उतरू नये. शिखराखाली किंवा छज्जाला आग्या मोहोळ आहे का, ते टॉर्च खाली धरून, उजाडू लागल्यावर पाहावे. असेल तर धूप, कापूर, फटाके पूर्ण बंद. धुराने पोळे उठते. गाभाऱ्याच्या पायऱ्या तेला-दुधाने निसरड्या असतात, चौकट धरून उतरावे. नारळ बाहेर फोडावा. दिवा खांबाच्या कोरीवकामाला टेकवून ठेवू नये, काजळी दगडात बसते.

यंदाच्या यादीत प्रत्येक मंदिराच्या नावापुढे प्रणाळ उघडा आहे की बुजलेला, एवढा एक रकाना आपल्या तालुका वार्ताहरांकडून भरून घ्यावा. मंदिराला एक फेरी मारली की ते दिसते. जिथे बुजलेला असेल तिथे यंदा फक्त बेल वाहा, असे स्पष्ट छापावे.

आपले,
जुन्या शिवमंदिरांच्या देखभालीत हातभार लावणारे काही गावकरी,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती