व्हॅल्युअरला येऊ देऊ नका, बाबा

पुणे, १७ मार्च २०२४

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर होणार नाही, म्हणून लिहिते आहे. पैशाचा विषय निघाला की बाबा, तुम्ही ‘बघू, बघू’ म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. परवा दादाकडून कळलं की तुम्ही खरेदीखत आणि सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन बँकेत जाऊन आलात, आणि पुढच्या आठवड्यात व्हॅल्युअर घराची किंमत ठरवायला येणार आहे. त्याला येऊ देऊ नका. कशावर सही केली नसेल तर करू नका, आणि कागद देऊन आला असाल तर परत आणा.

चूक माझी आहे. फेब्रुवारीत अमेरिकेतलं पहिलं ॲडमिशन आलं तेव्हा आनंदाच्या भरात मी त्या पत्राचा फोटो तुम्हाला पाठवला. मी ‘अभिनंदन’ एवढंच वाचलं होतं, तुम्ही खालचा आकडा वाचलात. वर्षाला ५२ हजार डॉलर, म्हणजे त्रेचाळीस लाखांच्या वर, आणि कोर्स दोन वर्षांचा. व्हिसाच्या आधी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी नावाचा कागद लागतो, आणि तो हवा तर निदान पहिल्या वर्षाचा सगळा खर्च खात्यात किंवा मंजूर कर्जात दाखवावा लागतो. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आपल्याकडे तारण ठेवण्यासारखं काय आहे, हे तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलंत.

घराचे तेच कागद २०१९च्या ऑगस्टमध्ये तुम्ही दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून बनियनच्या आत पोटाला बांधले होते. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि गावभागातून आपण बोटीनं निघालो होतो. आई, तू देवघरातला बाळकृष्ण घेतलास आणि औषधांचा डबा विसरलीस. शिवाय घर दादाचंही आहे. तो काही बोलणार नाही, वहिनीही बोलणार नाही, म्हणून तर मला जास्त लागतं.

आता खरी बातमी. ते ॲडमिशन मी घेत नाही. मंगळवारी आयोवा विद्यापीठाचं पत्र आलं, पीएचडीचं, रिसर्च असिस्टंटशिपसह. आठवड्याला २० तास प्रोफेसरांच्या प्रकल्पावर काम करायचं, त्या बदल्यात शिक्षणाची फी माफ आणि दरमहा स्टायपेंड. आय-ट्वेंटीसाठी पैशाचा पुरावा म्हणून हेच पत्र चालतं. किरकोळ फिया, विमान आणि पहिल्या महिन्याचं भाडं माझ्या साठवलेल्या पैशांत बसतं, मी दोनदा मांडून पाहिलं. १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हो म्हणण्याआधी तुम्हाला सांगायचं होतं.

या अर्जांच्या पायी वर्ष गेलं. कॉलेजातल्या एका सरांकडे शिफारसपत्र मागितलं तर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” सही नको, त्यांनी स्वतः लिहून थेट विद्यापीठाच्या लिंकवर टाकायचं असतं, हे समजावायला तीन खेपा. मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मध्ये तुम्ही, बाबा. आपल्या ६४ टक्क्यांना आपण फर्स्ट क्लास म्हणतो. तिकडचं कुणी नुसता आकडा पाहिला तर पोरगी जेमतेम पास झाली असंच समजेल.

पण सगळ्यात जड गेला तो निबंध. हाच विषय का, इथेच का, हे दोन पानांत सांगायचं. पहिल्या खर्ड्यात ‘लहानपणापासून मला गणिताची आवड होती’ असं लिहिलं आणि वाचून मलाच जांभई आली. मग तुमच्या कॅलेंडरांबद्दल लिहिलं. जुलै लागला की दूध आणायला जाताना तुम्ही पुलावर जाऊन पट्टी बघता आणि घरी येऊन त्या तारखेच्या चौकोनात फूट लिहिता. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या ऑगस्टमध्ये चौकोन भरत गेले आणि मग एकदम कोरे झाले, कारण आपण घरात नव्हतो.

व्हिडिओवर मुलाखत झाली तेव्हा प्रोफेसरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: नोंद दिवसातून किती वेळा? मी म्हटलं, दुधाच्या वेळेला, एकदा. ते हसले. मग म्हणाले, आणि रात्री पाणी किती वेगानं चढलं, ते कुणी लिहिलं? बाबा, मला शिकायचं आहे ते हेच.

त्यांचंही गाव नदीकाठचं. २००८च्या जूनमध्ये आयोवा नदीचं पाणी विद्यापीठाच्या वीसेक इमारतींत शिरलं. ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं लोकांनी रांग लावून हातोहात वर नेली. पुढच्या वर्षी तिथे खास पुराच्या अभ्यासाचं केंद्र निघालं. आता राज्यभर पुलांच्या कठड्यांना खाली तोंड करून सेन्सर लावलेत. ते पाण्याचं अंतर मोजत राहतात आणि आकडा कुणालाही घरबसल्या दिसतो. मी रोज बघते, उगाचच.

आई, आता तुझ्याशी. व्हिसाची आणि सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, फी मिळून ५३५ डॉलर भरून मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर उभं राहायचं, दोन-चार मिनिटांसाठी. खर्च कोण करणार आणि परत येणार का, हे दोन प्रश्न ठरलेले. त्यांचा कायदाच असा की तुम्ही पटवून देईपर्यंत तुम्ही तिकडेच राहायला निघालात असं धरतात. तू मला दुसरा प्रश्न एकदाही विचारला नाहीस. खिडकीत द्यायचं उत्तर माझं तयार आहे. तुला तेच सांगितलं तर तू मान डोलावशील आणि स्वयंपाकघरात निघून जाशील. चार-पाच वर्षं लागतील. तेव्हा बाबा पंचाहत्तरीच्या पुढे असतील. हे गणित मी करते आणि अर्धवट सोडते. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मेमध्येच करून घेऊ, मी सुट्टी टाकली आहे.

बाबा, सोमवारी बँक उघडली की आधी कागद. आणि जूनपासून कॅलेंडर नको, मी वही आणते आहे. पेनानं लिहू नका, ओलं झालं की पसरतं, पेन्सिल वापरा. आकड्याशेजारी घड्याळात बघून वेळही लिहीत जा.

तुमची,
ताई

ता. क. जुन्या कॅलेंडरांची ट्रंक माळ्यावर चढवायला दादाला सांगितलं आहे. तुम्ही शिडीवर चढू नका.