कोणता हात, एवढंच विचारलंत

जॉली बॉय बेटाजवळच्या काचेच्या तळाच्या होडीवरचे दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्हाला मराठी वाचता येत नसणार, हेही कळतं. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. अंदमानहून परतून तीन आठवडे झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, पण मी अजून त्या होडीतच आहे.

मी ती निळ्या टोपीवाली बाई. उजवा हात थरथरतो ती. कंपवाताला आता सहा वर्षं झाली. एवढ्या काळात पाहिलंय, आधार द्यायला येणारा माणूस हमखास चुकीचा हात धरतो. थरथरणारा हात दिसतो, म्हणून तोच पकडतात. बिचाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण माझी सगळी भिस्त डाव्या हातावर. उजवा ओढला की होता तो तोलही जातो. आमचे हे लग्नाला 38 वर्षं होऊनही तेच करतात!

ज्या टूरवाल्याने ‘काकूंची काळजीच करू नका’ म्हणत पैसे घेतले, त्याने आमची जॉली बॉयची सहल सोमवारी ठेवली होती. सोमवारी ते बेट बंद असतं, हे त्याला आम्ही सांगितलं. मग त्याऐवजी भलत्याच एका बेटावर धाडलं. तिथल्या बोटवाल्याने मला एकदा वरून खाली न्याहाळलं आणि यांना म्हणाला, “आंटीजी को इधर ही बिठा दो.” मी समोर उभी, आणि बोलणं माझ्या डोक्यावरून चाललेलं. ते बेट मी बोटीच्या बाकावरून पाहिलं. म्हणजे त्याची जेट्टी पाहिली.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी जॉली बॉयच्या बोटी सुटतात त्या वांडूरला पोचले तेव्हा मी मनाने आधीच बाकावर बसले होते. धक्क्यावर प्लॅस्टिकसाठी पिशव्या तपासल्या, यांच्या खिशातला चिक्कीचा पुडा जप्त झाला, तेवढीच काय ती करमणूक. खारफुटीच्या मधून बोट निघाली. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 सालचं, त्यात 15 बेटं, असं हे वाचून दाखवत होते. मी फक्त उतरायचं कसं याचा विचार करत होते.

जॉली बॉयला धक्काच नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि माणसांना तुमच्या होड्यांत उतरावं लागतं. मोठी बोट संथ डुलते, होडी मात्र उड्या मारते. क्षणात पायरी वीतभर, क्षणात कमरेएवढी. सगळे उतरले. मी म्हटलं, “मी बसते इथेच, तुम्ही जाऊन या.”

तुम्ही यांच्याकडे पाहिलंच नाहीत. माझ्याकडे बघून विचारलंत, “माई, कौन सा हाथ?”

दादा, सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, पोटच्या पोराने नाही. मी डावा पुढे केला. तुम्ही जागा बदललीत, पाय रोवून उभे राहिलात आणि ओढलं नाहीत. नुसता हात धरून ठेवलात. पाण्याकडे बघत म्हणत राहिलात, “अभी नहीं... अभी नहीं... अब.” त्या “अब”ला होडी लाटेबरोबर वर आली आणि मी आत होते.

माझे पाय कधी कधी जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी कुणी ताल दिला, आकडे मोजले तर सुटतात, हे मला फिजिओथेरपीत पैसे मोजून कळलं. तुम्हाला समुद्राने फुकट शिकवलं असावं.

पुढचं सगळं त्या काचेत. माणसाच्या मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ, ते चोचीने कुरतडणारा पोपटमासा, ओठ उघडून बसलेला थोराड शिंपला. मधे एका पांढुरक्या, मोडक्या पट्ट्यावर तुम्ही होडी थांबवलीत आणि म्हणालात, “गरम पानी से मर गया.” 2010 साली तिथलं समुद्राचं पाणी तापलं होतं आणि प्रवाळाचा रंग उडाला होता, हे मी नंतर वाचलं. बेटाला विसावा मिळावा म्हणून वर्षातले काही महिने ते बंद ठेवून पर्यटकांना रेड स्किन या दुसऱ्या बेटावर नेतात, हे मात्र तुमच्याकडूनच कळलं. सांगताना तुमचा आवाज घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसा झाला होता.

फोटोसाठी मदत करणारे खूप भेटतात, ‘बिचारी’ म्हणत चुकचुकणारे त्याहून जास्त. त्यांचाही मला राग नाही. (टूरवाल्याचा आहे.) पण चांगुलपणात थोडं थांबणंही असतं, समोरच्याला काय हवंय ते त्यालाच विचारण्याइतकं. ते मला एवढ्या वर्षांत असं रोखठोक कुणात दिसलं नव्हतं.

परतताना पुन्हा तीच कसरत, या वेळी खालून वर. हे उत्साहाने माझ्या उजवीकडून पुढे सरसावले. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हलकेच बाजूला केलंत आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिलात.

“साहब, उधर नहीं. इधर.”

तुमची,
निळ्या टोपीवाली माई